आकाशगंगेतला काळा पट्टा, आंतरतारकीय धूळ आणि दीर्घिकांचा अवरक्त प्रकाश

गोदातीर (धागाकर्ता)

पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या संध्याकाळी त्र्यंबकेश्वरच्या पुढे, शहराचे दिवे मागे टाकून गेले, की डोक्यावरून नैऋत्येकडे उतरणारी आकाशगंगा हंस तारकासमूहापासून दोन शाखांत फुटलेली दिसते. मधल्या काळ्या पट्ट्यात तारेच नसावेत, असे पहिल्यांदा पाहणाऱ्याला हमखास वाटते. या समजुतीला सोबत मात्र मोठी आहे, कारण खुद्द विल्यम हर्षल यांनाही आकाशातल्या अशा काही जागा म्हणजे भोके वाटली होती. एडवर्ड बर्नार्ड यांनी अनेक वर्षे आकाशगंगेची छायाचित्रे घेऊन १९१९ मध्ये १८२ काळ्या वस्तूंची यादी प्रसिद्ध केली, तरीही ताऱ्यांच्या मधल्या जागेत सर्वत्र काहीतरी पसरलेले आहे हे मान्य व्हायला आणखी काही वर्षे लागली.

त्या प्रश्नाचा निकाल १९३० मध्ये लिक वेधशाळेतील रॉबर्ट ट्रम्पलर यांनी लावला. त्यांची पद्धत इतकी साधी आहे, की ती सविस्तर सांगण्याचा मोह आवरत नाही. खुल्या तारकागुच्छांची अंतरे त्यांनी दोन तऱ्हांनी काढली. पहिल्या तऱ्हेत गुच्छातील ताऱ्यांच्या तेजस्वितेचा आधार होता, आणि दुसरीत एकसारख्या गुच्छांचा खरा व्यास साधारण सारखाच असतो हे गृहीत धरून गुच्छ किती लहान दिसतो हे मोजले होते. दोन्ही उत्तरे जुळायला हवी होती. पण गुच्छ जितका दूरचा, तितके तेजस्वितेवरून काढलेले अंतर जास्त येऊ लागले. ती अंतरे खरी मानली तर पृथ्वीपासून दूर जाल तसे गुच्छ आकाराने मोठे होत जातात असे म्हणावे लागले असते, आणि पृथ्वीला एवढे महत्त्व देण्याचे काही कारण नव्हते. वाटेत प्रकाश कमी होतो आहे, आणि निळा प्रकाश तांबड्यापेक्षा अधिक कमी होतो आहे, हाच अर्थ उरला.

हा धागा काढण्याचे कारण यापुढचे आहे. हौशी निरीक्षकांच्या बोलण्यात धुळीचा उल्लेख केवळ अडथळा म्हणून येतो, आणि माझ्या मते हे अर्धेच सांगणे झाले. कणाने प्रकाश शोषला म्हणजे ऊर्जा नाहीशी झाली असे होत नाही. कण किंचित तापतो आणि तीच ऊर्जा मोठ्या तरंगलांबीवर बाहेर टाकतो. आपल्या आकाशगंगेतील सामान्य धुळीचे तापमान २० केल्विनच्या आसपास, म्हणजे उणे २५३ अंश सेल्सिअस असते. वीनच्या नियमाप्रमाणे (वस्तू जितकी थंड, तितकी तिच्या प्रारणाची तरंगलांबी मोठी) २८९८ ला या तापमानाने भागले, की प्रारणाचे शिखर सुमारे १४५ मायक्रॉनवर (एक मायक्रॉन म्हणजे मीटरचा दहा लाखावा भाग) येते, आणि हा दूर अवरक्त पट्टा झाला. अवरक्त किरणांचा शोध १८०० साली सूर्याच्या वर्णपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे तापमापक ठेवून त्याच हर्षलनी लावला होता, ज्यांना ती भोके वाटली होती.

आपल्या आकाशगंगेत ताऱ्यांच्या एकूण प्रकाशापैकी साधारण एक तृतीयांश प्रकाश धुळीमार्फत अवरक्तात जातो. साऱ्या विश्वाचा हिशेब मांडला तर हे प्रमाण निम्म्याच्या घरात पोहोचते. १९८९ मध्ये सोडलेल्या कोबे उपग्रहाच्या मोजणीतून १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात अवरक्त पार्श्वप्रकाश, म्हणजे साऱ्या आकाशातून येणारा दूरच्या दीर्घिकांचा एकत्रित अवरक्त प्रकाश, हाती लागला, आणि सर्व दीर्घिकांच्या दृश्य प्रकाशाच्या बेरजेइतकीच ऊर्जा त्यात आहे असे दिसून आले. केवळ दृश्य प्रकाशातल्या छायाचित्रांवरून दीर्घिकांचा इतिहास लिहिणाऱ्याला निम्मी जमा दिसलेलीच नसते. या विषयावर चर्चा व्हावी.

द्राक्षबाग

लेख आवडला. माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे. अवकाश इतके रिकामे असते, की पृथ्वीवर निर्माण केलेली उत्तम निर्वात पोकळीही त्यापुढे दाट ठरते, असे आपणच मागे एका धाग्यात लिहिले होते. मग त्यातली धूळ ताऱ्यांचा प्रकाश अडवण्याइतकी असते ती कशी? हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे, ते कृपया आकड्यांत सांगावे.

कृत्तिका

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे आकडे मागितले की मला राहवत नाही.

ताऱ्यांच्या मधल्या जागेत सरासरी एका घन सेंटिमीटरमध्ये हायड्रोजनचा सुमारे एक अणू असतो. धुळीचे वस्तुमान या वायूच्या जेमतेम एक टक्का भरते. नेहमीच्या, म्हणजे ०.१ मायक्रॉन त्रिज्येच्या कणांची संख्या काढली तर साधारण दहा लाख घन मीटरला एक कण येतो. आपल्या गोल्फ क्लब मैदानावर शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद आणि शंभर मीटर उंच असा ठोकळा उभा केला, तर त्या संपूर्ण ठोकळ्यात मिळून एक कण, आणि तोही सिगारेटच्या धुरातल्या कणाएवढा.

आता एका किलोपार्सेकची, म्हणजे सुमारे ३,२६० प्रकाशवर्षांची दृष्टिरेषा घ्या. तिची लांबी मीटरमध्ये ३ वर १९ शून्ये इतकी होते. एक चौरस मीटर काटछेदाची एवढ्या लांबीची नळी कल्पिली, तर तिच्यात दर दहा लाख घन मीटरला एक या हिशेबाने ३ वर १३ शून्ये इतके कण येतील. प्रत्येक कणाच्या सावलीचे क्षेत्रफळ ३ गुणिले १० चा उणे १४वा घात चौरस मीटर आहे. गुणाकार ०.९ येतो, म्हणजे त्या नळीचे तोंड कणांच्या सावल्यांनी जवळजवळ झाकले जाते. कणांची घनता नगण्य आहे, पण वाट इतकी लांब आहे की ती नगण्यता भरून निघते. आकाशगंगेच्या प्रतलात दर किलोपार्सेकमागे ताऱ्याची प्रत (तेजस्वितेचे माप; एका प्रतीचा फरक म्हणजे सुमारे अडीचपट) एक ते दोनने मंदावते असे निरीक्षण सांगते, आणि आपले कच्चे गणित त्याच्या जवळ पोहोचले.

आकाशगंगेच्या केंद्राकडे ही घट दृश्य प्रकाशात सुमारे ३० प्रतींची होते. ३० प्रती म्हणजे एक लाख कोटी फोटॉन निघाले तर एक पोहोचणार. त्याच दिशेने २.२ मायक्रॉनवर पाहिले तर घट अडीच-तीन प्रतींवर येते, म्हणजे दहा-पंधरा फोटॉनांमागे एक पोहोचतो, कारण तरंगलांबी कणाच्या आकारापेक्षा बरीच मोठी झालेली असते. केंद्रातल्या कृष्णविवराभोवती फिरणारे तारे राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांच्या गटांना मोजता आले ते याच खिडकीतून, आणि त्यासाठी त्यांना २०२० च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

सातपूरकर

ठोकळ्याचे गणित कायमचे लक्षात राहील.

आमच्या कारखान्यात विद्युत पॅनेल आणि मोटारींचे बेअरिंग तपासण्यासाठी थर्मल कॅमेरा वापरतात. बेअरिंग खराब होऊ लागले की कॅमेऱ्याच्या पडद्यावर तेवढाच भाग पिवळा-पांढरा दिसतो. हा कॅमेरा ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यात काम करतो. तो दुर्बिणीला जोडून धुळीचे ढग पाहता येतील का, असा विचार मनात आला. पहिली अडचण मलाच दिसते, ती म्हणजे काचेची भिंगे या पट्ट्यात निरुपयोगी असतात. पण आरशाची दुर्बीण घेतली तर काय होईल?

गोदातीर

सातपूरकर, आरसा घेतल्याने काचेचा प्रश्न सुटेल, पण त्यामागचे दोन सुटणार नाहीत.

आपला कॅमेरा ज्या पट्ट्यासाठी बनवला आहे, तो नेमका खोलीच्या तापमानाच्या वस्तूंचा आहे. ३०० केल्विनला शिखर ९.७ मायक्रॉनवर येते. त्यामुळे दुर्बिणीची नळी, आरसा, आरशाची धारणी आणि वरची हवा हे सारे त्या पट्ट्यात स्वतःच उजळलेले असतात. चंद्र दिसेल, कारण दुपारच्या बाजूला तो चांगलाच तापलेला असतो. पण धुळीच्या ढगाचे नाव नको. दुसरा प्रश्न हवेतल्या बाष्पाचा. १४५ मायक्रॉनच्या आसपास आपले वातावरण जमिनीवरून पाहणाऱ्यासाठी भिंतीसारखेच अपारदर्शक आहे, मग आपण नाशिकमध्ये असा की सह्याद्रीच्या माथ्यावर. लडाखमध्ये हानले येथे ४,५०० मीटर उंचीवर दोन मीटरची भारतीय दुर्बीण जवळच्या अवरक्तात काम करते, परंतु दूर अवरक्तासाठी तेवढी उंचीही पुरत नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्यासाठी एक मीटर आरशाची दुर्बीण फुग्याला बांधून हैदराबादहून सुमारे ३० किलोमीटर उंचीवर पाठवली आणि तारे जन्मत असलेल्या ढगांचे दूर अवरक्त नकाशे तयार केले. आपल्याकडे याची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही, अशी माझी जुनी तक्रार आहे.

खरा पालट घडवला तो आयरास या उपग्रहाने. अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांनी मिळून तो जानेवारी १९८३ मध्ये सोडला. आरसा अवघा ५७ सेंटिमीटरचा होता. आपल्यापैकी काहींच्या गच्चीवर २५ सेंटिमीटरच्या दुर्बिणी आहेत, त्यांच्या व्यासाच्या सव्वादोनपट एवढाच. फरक होता तो द्रवरूप हेलियमने सारी दुर्बीण थंड ठेवण्यात, त्यामुळे तिचे स्वतःचे प्रारण जवळजवळ विझलेले होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हेलियम संपले आणि काम थांबले, पण तोवर १२, २५, ६० आणि १०० मायक्रॉनवर ९६ टक्के आकाश पाहून झाले होते.

अंजनेरी

आयरासचा विषय निघालाच आहे तर त्याने दाखवलेल्या दीर्घिकांबद्दल लिहितो.

दृश्य प्रकाशात मंद आणि विस्कटलेली अशी आर्प २२० नावाची दीर्घिका सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षांवर आहे. आयरासच्या मोजणीत तिची अवरक्त तेजस्विता एक लाख कोटी सूर्यांहून अधिक भरली, आणि तिच्या एकूण ऊर्जेपैकी ९० टक्क्यांहून जास्त ऊर्जा अवरक्तातच बाहेर पडते असे आढळले. एरवी कोणी ढुंकूनही पाहिले नसते अशी वस्तू अवरक्तात आपल्या संपूर्ण आकाशगंगेच्या कितीतरी पट प्रखर निघाली. प्रत्यक्षात तिथे दोन दीर्घिका एकमेकींत मिसळत आहेत. त्यांची केंद्रे जेमतेम हजार-बाराशे प्रकाशवर्षे दूर राहिली आहेत, वायू मध्यभागी कोंबला गेला आहे आणि तारे झपाट्याने जन्मत आहेत. नवे, जड तारे अतिनील प्रकाश टाकतात, आणि धूळ अतिनील प्रकाश सर्वांत आवडीने शोषते. त्यामुळे जिथे जन्म जास्त, तिथे झाकण जास्त आणि अवरक्तही जास्त.

आपल्याला दुर्बिणीतून पाहता येईल असे सौम्य उदाहरण म्हणजे सप्तर्षींतील एम ८२. तिचे अंतर सुमारे एक कोटी वीस लाख प्रकाशवर्षे आहे. नाशिकहून ती उत्तरेला ४० अंशांपर्यंतच चढते, पण आठ इंची दुर्बिणीत तिचा लांबट आकार आणि मध्ये तिला छेदणारी काळी चीर चांगली दिसते. कन्या राशीतल्या एम १०४ मध्ये तर धुळीचा पट्टा इतका सरळ आहे, की एप्रिलच्या काळोख्या रात्री घोटीच्या पुढे जाऊन दीर्घिकेच्या कडेवरून नजर हळूहळू आत आणली, तर खालची बाजू अचानक कापल्यासारखी जाणवते. थेट रोखून पाहिले तर ती जाणीव जाते, आणि नजर जराशी बाजूला ठेवली की परत येते.

माझी एक शंका आहे. अवरक्तात तळपणाऱ्या दीर्घिकेत ऊर्जा ताऱ्यांच्या जन्मातून येते की मध्यवर्ती कृष्णविवरातून, हे धुळीआड ओळखायचे कसे?

कृत्तिका

अंजनेरी यांची शंका रास्त आहे, आणि तिच्यावर बराच वाद होऊन गेला आहे. उत्तराचा मुख्य धागा तापमानाचा आहे.

साधा कण २० केल्विनवर का राहतो ते आधी पाहू. एडिंग्टन यांनी १९२६ मध्ये असे गणित केले होते, की केवळ ताऱ्यांच्या विखुरलेल्या प्रकाशाने तापलेली आदर्श काळी वस्तू ३.२ केल्विनवर स्थिरावेल. धुळीचा कण त्याहून बराच उष्ण असतो, कारण त्याची आवक आणि जावक सारखी सोपी नाही. ०.१ मायक्रॉनचा कण तेवढ्याच आकाराच्या तरंगलांबीचा प्रकाश सहज शोषतो. परंतु आपल्यापेक्षा हजारपट लांब तरंग बाहेर टाकण्याच्या कामी तो अगदी कच्चा असतो. ऊर्जा साठत जाते आणि तापमान वाढते. अशा कणाची जावक तापमानाच्या सुमारे सहाव्या घाताने वाढते, त्यामुळे २० केल्विनचा कण ४० केल्विनवर न्यायचा तर प्रकाश ६४ पट करावा लागतो. म्हणूनच तारे धडाक्याने जन्मत असलेल्या दीर्घिकांतही बहुतेक धूळ ३० ते ५० केल्विनच्या पलीकडे जात नाही आणि त्यांचे शिखर ६० ते १०० मायक्रॉनच्या आसपास राहते. कृष्णविवरालगतची धूळ मात्र शेकडो केल्विनला, अगदी आत तर वितळून वाफ होण्याच्या सीमेवर, सुमारे १,५०० केल्विनला असते. त्यामुळे तिचा प्रकाश काही मायक्रॉनपासून ३० मायक्रॉनपर्यंतच्या पट्ट्यात उठून दिसतो.

दुसरी खूण रासायनिक आहे. पॉलिसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन नावाचे, कार्बनच्या षट्कोनी कड्यांचे मोठे रेणू (डिझेलच्या काजळीतही ते सापडतात) आकाराने इतके लहान असतात, की अतिनील प्रकाशाचा एकच फोटॉन आदळला तरी क्षणभर सुमारे हजार केल्विनपर्यंत तापतात आणि लगेच निवतात. निवताना ते ३.३, ६.२, ७.७, ८.६ आणि ११.३ मायक्रॉनवर ठळक पट्टे सोडतात. तारे जन्मत असलेल्या जागी हे पट्टे जोरात असतात, आणि सक्रिय केंद्राच्या, म्हणजे द्रव्य गिळणाऱ्या मध्यवर्ती कृष्णविवराच्या जवळ क्षीण होतात किंवा पार नाहीसे होतात. युरोपच्या आयएसओ या अवरक्त उपग्रहाच्या वर्णपटांनी १९९०च्या दशकात ही कसोटी वापरात आणली, आणि स्पिट्झर या अवरक्त अवकाश दुर्बिणीने ती पुढे नेली. आर्प २२० च्या बाबतीत मोठा वाटा ताऱ्यांचाच आहे, असा कौल आहे.

सातपूरकर

कॅमेऱ्याचा बेत सोडून दिला. मात्र कणाच्या आवक-जावकेचे स्पष्टीकरण वाचून कळले, की आमच्याकडे चकचकीत पृष्ठभागाच्या वस्तूचे तापमान कॅमेरा चुकीचे का दाखवतो. तिथेही प्रश्न उत्सर्जनक्षमतेचाच असतो.

पुढचा प्रश्न असा, की या दीर्घिका फार दूर असतील तर अवरक्तातही मंदच होत जाणार ना?

गोदातीर

इथे निसर्गाने एक सवलत दिली आहे. दीर्घिका दूर जाईल तशी ती मंद होते हे खरे, पण विश्वप्रसरणामुळे तिचा सारा वर्णपट मोठ्या तरंगलांबीकडे सरकतो. आपण ८५० मायक्रॉनवर पाहत असू, तर जवळच्या दीर्घिकेच्या वर्णपटाची उतरलेली शेपटी आपल्या वाट्याला येते. दूरच्या दीर्घिकेचा मात्र १०० मायक्रॉनकडचा उंच भाग सरकत आपल्या पट्ट्यात येतो. एकाने गमावले ते दुसरा भरून देतो, आणि एकाच ताकदीची दीर्घिका ताम्रसृती (वर्णपट किती सरकला याचे माप; जितकी जास्त, तितकी दीर्घिका दूर) १ वर असो की ५ वर, जवळपास सारखीच तेजस्वी दिसते. दृश्य प्रकाशात अशी सवलत नाही.

याचा पुरावा नाट्यमय आहे. हबल दुर्बिणीने १९९५ च्या डिसेंबरात सप्तर्षींतील एका चिमुकल्या तुकड्याचे अतिशय खोल छायाचित्र घेतले. हवाईमधील मौना केआ येथील १५ मीटर व्यासाच्या जेम्स क्लर्क मॅक्सवेल दुर्बिणीने तोच तुकडा ८५० मायक्रॉनवर पाहिला, आणि १९९८ मध्ये निष्कर्ष आले. सर्वांत तेजस्वी ठिपक्याला एचडीएफ ८५०.१ असे नाव पडले. गंमत अशी, की हबलच्या छायाचित्रात त्या जागी खात्रीने बोट ठेवावे असे काहीच नव्हते. तो ठिपका कोणत्या दीर्घिकेचा यावर अनेक वर्षे तर्क चालले. शेवटी २०१२ मध्ये कार्बन मोनॉक्साइड आणि आयनीभूत कार्बन यांच्या रेषांवरून ताम्रसृती ५.१८ निघाली. तो प्रकाश सुमारे १,२५० कोटी वर्षांपूर्वीचा ठरला. तेव्हाच्या विश्वात, महास्फोटानंतर शंभर-सव्वाशे कोटी वर्षांत, धुळीने पुरती झाकलेली अशी दीर्घिका तयार झाली होती.

नाशिक-पुणे रस्त्याने जाताना नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. प्रत्येकी ४५ मीटरच्या अशा ३० तबकड्या आहेत. त्यांचाही या विषयाशी संबंध आहे. दीर्घिकेचे दूर अवरक्त तेज आणि रेडिओ तेज एकमेकांशी फार घट्ट प्रमाणात असतात, हे आयरासच्या मोजणीनंतर १९८५ मध्ये ध्यानात आले. जे जड तारे धूळ तापवतात, तेच पुढे स्फोट पावतात आणि इलेक्ट्रॉनांना वेग देतात, त्यातून रेडिओ लहरी निघतात. रेडिओ लहरींना धूळ आडवी येत नाही आणि वातावरणही नाही, त्यामुळे जमिनीवरून ताऱ्यांच्या जन्माची उलटतपासणी करता येते.

पक्षीमित्र निफाड

विषयाला धरूनच एक भर घालतो. जयंत नारळीकर, फ्रेड हॉयल आणि जेफ्री बर्बिज यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या विश्वरचनेत धुळीला याहूनही मोठी भूमिका होती. स्फोट पावलेल्या ताऱ्यांतून लोखंडाच्या बारीक सुया बाहेर पडतात, त्या ताऱ्यांचा प्रकाश सूक्ष्मलहरींत बदलतात आणि तीच आकाशात सर्वत्र दिसणारी, एरवी महास्फोटाचा अवशेष मानली जाणारी सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी होय, असे त्यांचे म्हणणे होते. त्याबद्दल आपले मत काय?

गोदातीर

सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीचा वर्णपट आणि तिच्यातले बारीक चढउतार महास्फोटाच्या चौकटीत इतके नेमके बसतात, की ती कल्पना बहुतेकांनी स्वीकारली नाही, आणि माझाही कल तिकडेच आहे. तरी धुळीकडे दुर्लक्ष करून विश्वशास्त्र करता येत नाही, हा त्यातला आग्रह रास्तच होता. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरील बायसेप २ प्रयोगाने आद्य गुरुत्वलहरींची, म्हणजे विश्वाच्या अगदी आरंभीच्या लहरींची खूण या पार्श्वभूमीच्या ध्रुवित प्रकाशात सापडल्याचे जाहीर केले. पुढे हीच पार्श्वभूमी मोजणाऱ्या प्लांक उपग्रहाच्या ३५३ गिगाहर्ट्झच्या नकाशांशी ताडून पाहता, २०१५ च्या आरंभी त्या संकेताचे श्रेय आपल्याच आकाशगंगेतल्या, चुंबकक्षेत्रात एका दिशेने वळलेल्या धूलिकणांकडे गेले.

द्राक्षबाग

विश्वाच्या बालपणातच इतकी धूळ होती, तर ती आली कोठून? म्हाताऱ्या ताऱ्यांच्या वाऱ्यांतून धूळ बाहेर पडते असे वाचले होते, पण म्हातारे व्हायलाही वेळ लागतो.

कृत्तिका

प्रश्न अचूक जागी आहे. सूर्याच्या दोन-चार पट वस्तुमानाचे तारे कार्बनची धूळ टाकण्याच्या अवस्थेत यायला कोट्यवधी वर्षे घेतात. जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये ताम्रसृती ६.७१ च्या एका दीर्घिकेत ०.२१७५ मायक्रॉनचा, कार्बनी कणांचा म्हणून ओळखला जाणारा शोषणाचा उंचवटा दाखवला. तेव्हा विश्व जेमतेम ८० कोटी वर्षांचे होते. ही घाई फक्त जड ताऱ्यांना जमते.

त्यासाठी जवळचा साक्षीदार आहे. फेब्रुवारी १९८७ मध्ये मोठा मॅजेलन मेघ या शेजारच्या दीर्घिकेत दिसलेल्या अतिनवताऱ्याकडे, म्हणजे स्फोट पावलेल्या जड ताऱ्याकडे, हर्षल अवकाश दुर्बिणीने पाहिले, आणि २०११ मध्ये असे जाहीर झाले की तिथे साधारण २० केल्विनची, सूर्याच्या वस्तुमानाच्या ०.४ ते ०.७ पट धूळ आहे. चिलीतल्या आल्मा दुर्बिणींनी २०१४ मध्ये ती धूळ स्फोटाच्या मलब्याच्या मध्यभागीच असल्याचे दाखवले, म्हणजे ती आधीची नसून स्फोटानंतर तयार झालेली आहे. वाद आता एवढ्यावर उरला आहे, की मलबा भोवतालच्या वायूवर आदळल्यावर आत परतणाऱ्या आघातलहरीतून त्यातली किती धूळ वाचते. फार थोडी वाचत असेल, तर थंड, दाट ढगांत उरलेल्या कणांवर अणू चिकटत जाऊन ती पुन्हा वाढते असे मानावे लागते. अतिनवतारे बीज पुरवतात आणि ढग ते वाढवतात, ही मिश्र बाजू मला अधिक पटते, कारण मग प्रत्येक अतिनवताऱ्याकडून अवास्तव उत्पादनाची अपेक्षा करावी लागत नाही.